शिंगाची मूठ की शिसमाची?

चाकूच्या मुठीवरून लग्न मोडता मोडता राहिलेलं तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय, शहाद्याला काकांच्या घरी.

काकांना घडीचे चाकू जमवायचा नाद. त्यांच्या मनीषाला बघायला पाहुणे आले आणि मुलाचा बाप नेमका त्याच नादाचा निघाला! पोरगी राहिली बाजूला, टीपॉयवर चाकू मांडले गेले.

काका म्हणाले, "मूठ पाहिजे शिंगनी. बाकी सारं पोरास्नं खेळनं."

पाहुणे म्हणाले, "शिंग उन्हायामा तडकस. मूठ शिसमनीच."

"शिसम पावसायामा फुगस!"

"आपलं जमाव नही," म्हणत पाहुणे उठलेच.

काकू घाईघाईने टरबूज घेऊन आल्या. "टरबूज तरी खाई जा!" कापायला म्हणून त्यांनी टीपॉयवरचा चाकू उचलला, तर काका ओरडले, "ठेव तो! मूठले रस लागी जाई!"

काकू पाहुण्यांकडे वळल्या. "मंग तुम्हना द्या."

पाहुण्यांनी खिसाच दाबून धरला. "हाऊ कापाना नही, जपाना चाकू शे."

मनीषाने टरबूज फरशीवर ठेवलं आणि एका बुक्कीत फोडलं.

इतका वेळ तोंड न उघडलेली मुलाची आई उठली, तिने मनीषाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा खाले. पोर आमनीच शे. आपला घर कपाटभर चाकू शेतस, आनि लगीन व्हयनं तव्हापासून मी बी कांदा बुक्कीवरीच फोडस!"