नुसता चहा

तुम्हाला सांगतो, सिगरेट सोडल्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती कंपनीबाहेरच्या टपरीची. चाकणला शिफ्ट सुटली की आम्ही चौघं तिथं थांबायचो, आणि चहाबरोबर सिगरेट ठरलेली.

पण मी सोडली आणि बघतो तर बाकीचे तिघंही नुसता चहा प्यायला लागले. निघोज्याचे ज्ञानोबाभाऊ म्हणाले, "आमी पण सोडली राव, तुझं बघून." हे भाऊ आमच्यात सगळ्यात मोठे, रिटायरमेंटला आलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. कित्येक महिने असंच चाललं. मी घरी बायकोला ऐटीत सांगायचो, "माझ्यामुळे तिघांची सुटली."

परवा चहा पिऊन निघालो. गाडीपाशी गेलो तर हेल्मेट टपरीवरच राहिलेलं. मागे फिरलो, तर तिघांच्याही हातात पेटलेली सिगरेट.

"भाऊ, तुम्ही सोडली होती ना?"

मला बघताच ज्ञानोबाभाऊंनी हात पाठीमागे नेला. "न्हाई रे. तू गेला की वढतो. तुझ्यासमोर वढली असती तर तुझी सुटली नसती."

सिगरेट माणूस बापापासून लपवतो, राव. हा बापाच्या वयाचा माणूस ती इतके महिने माझ्यापासून लपवत होता, आणि आत्ताही हात मागे धरून उभा होता. पाठीमागून धूर वर येत होता.