टाकीवरचा दिवा

सून: आई, माशांच्या टाकीतून हात काढा आधी बाहेर. पानं ओढलीत तर मुळासकट हातात येतील.

सासू: ओढत कुठे आहे? पुसतेय. बघ ना, पानांना दाढी फुटलीय नुसती.

सून: शेवाळ आहे ते, पुसून नाही जायचं. वाया गेलेली पानं कापायलाच हवीत. ती लांब कात्री द्या बरं. रविवारी तुमचा लेक बॅगसुद्धा खाली ठेवणार नाही, आधी इथे वाकून बघेल. आणि मी इतके महिने फोनवर सांगतेय, तुझी झाडं मस्त आहेत म्हणून.

सासू: फोटो नाही मागितला त्याने?

सून: मागितला की. गेल्या वर्षीचा पाठवला.

सासू: लबाड!

सून: मग काय करू? जहाजावर हिरवं पान बघायला मिळत नाही म्हणतो. त्याला हे दाखवू? पण चुकतंय कुठे तेच कळत नाही. ऑफिसला जाताना चिमूटभर खाणं टाकते, बस.

सासू: तू टाकतेस?

सून: मग कोण टाकणार?

सासू: मी टाकते. तू गेलीस की.

सून: आई!

सासू: मला काय माहीत? तू सकाळी स्वतःचा डबा विसरतेस, माशांचं काय लक्षात ठेवणार!

सून: तरीच मेले एवढे गुबगुबीत झालेत! अहो, उरलेलं खाणं तळाशी कुजतं आणि त्यावर शेवाळ पोसतं. खताचे थेंब तरी नाही ना टाकत?

सासू: छे! म्हणजे... झाडं फारच पिवळी दिसली तर.

सून: धन्य आहे तुमची. आणि दिवा? तो दुपारी आपोआप बंद होतो ना?

सासू: होतो. मी परत लावते.

सून: कशाला?

सासू: घर खायला उठतं गं. तू संध्याकाळपर्यंत नसतेस. दिवा लागला की वाटतं, तो इथेच स्टुलावर बसलाय, कोपरापर्यंत हात ओले करून. आता हाक मारेल, आई, टॉवेल दे. फार आठवण येते मला त्याची.

सून: तुम्हाला काय बोलणार मी? मी त्याचे धुतलेले शर्ट परत धुते.

सासू: ठाऊक आहे. दोरीवर दिसतात की.

सून: खरं तर अर्धं पाणी बदलून, जाड चादर टाकून काही दिवस टाकीत पूर्ण अंधार करायला हवा. शेवाळ मरतं, झाडं तग धरतात. पण मग सगळं उघडंबोडकं दिसणार. नकोच, रविवारपुरतं घासून काढू.

सासू: घासू नकोस. चादरच टाक.

सून: अहो, पण रविवारी—

सासू: रविवारी तो येत नाहीये.

(कात्री खाली ठेवल्याचा आवाज.)

सून: कोण म्हणालं?

सासू: तोच. काल दुपारी फोन आला होता. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नाही. अजून चार महिने. तुला सांगायचा धीर होईना त्याला. म्हणाला, आई, तूच सांग. आणि मी कालपासून तोंड मिटून बसलेय. तू पडदे धुवायला काढलेस, मग तर जीभच रेटेना.

सून: चार महिने.

सासू: रडावंसं वाटत असेल तर रड. माझ्यासमोर कसली लाज?

सून: रडू नाही, राग येतोय. मला का नाही सांगितलं त्याने?

सासू: तुझा आवाज ऐकला असता तर तिथे राहवलं नसतं त्याला.

सून: ...चादर कुठली घेऊ?

सासू: निळी घे, जाड आहे. हं, हे टोक माझ्याकडे दे. मागून नीट खोच, उजेड जायला नको.

सून: आता दुपारी काय करणार तुम्ही?

सासू: बसेन अशीच.

सून: मी येत जाईन जेवायला. ऑफिस काही लांब नाही.

सासू: ये बाई. एकटीने वाट बघवत नाही गं.