मत्राहची खोली

(सावदा. १९८९चा मे. मागच्या पडवीत बेबाबाई उडदाचे पापड लाटत आहेत. मस्कतच्या दवाखान्यात नर्स असलेली त्यांची मुलगी कुंदा सुट्टीवर आली आहे. थोरला रतिलाल केळीच्या गाड्या रवाना करून नुकताच घरात आला आहे.)

रतिलाल : मत्राह? हे कुठलं काढलंस आता? मस्कतात तू तर रुवीला, अभिमनकडे राहतेस ना?

कुंदा : अभिमनभाऊ रुवीलाच आहेत. मी त्यांच्याकडून निघाले. मत्राहला खोली घेतली, बंदराजवळ, जुन्या बाजाराच्या मागे. होळीपासून तिथेच आहे.

रतिलाल : आणि मला आज सांगतेस.

कुंदा : आधी सांगितलं असतं तर तू तार ठोकली असतीस.

रतिलाल : ठोकलीच असती. अगं, रुवीत सगळी आपली माणसं. फैजपूरची, यावलची, खुद्द आपल्या गावचा अभिमन. रात्री-बेरात्री दुखलं-खुपलं तर त्या मत्राहला कोण आहे तुझं?

कुंदा : दुखलं-खुपलं तर मी दवाखान्यातच असते, भाऊ.

बेबाबाई : अभिमनच्या बायकोशी भांडली काय वं तू? इंदिरा तशी बरी पोरगी आहे.

कुंदा : भांडण नाही झालं, माय. रात्रपाळी करून आले की पोळ्या माझ्याकडे असायच्या, त्याचंही काही नाही. संक्रांतीला इंदिरावहिनीनं हळदीकुंकू केलं. रुवीतल्या सगळ्या बाया आल्या. मला म्हणाली, कुंदाताई, तुम्ही आत चहाचं बघा, बाहेर नका येऊ. नवरा सोडून आलेली बाई सवाष्णींत बसली की बायकांना बरं वाटत नाही.

बेबाबाई : असं म्हने?

कुंदा : अगदी गोड बोलून. मी विमानात बसून समुद्र ओलांडला, आणि तिकडेही येऊन बसले सावद्याच्याच स्वयंपाकघरात. त्याच दिवशी ठरवलं, आपली माणसं नसतील तोच मोहल्ला बघायचा.

रतिलाल : एका दिवसाच्या बोलण्यावरून घर सोडतात होय? लोक बोलतात. आपण ऐकून घ्यायचं.

कुंदा : घेतलं की. धुळ्याला ट्रेनिंगला होते ते आठव. तू न् मी खोलीसाठी गल्ल्या पालथ्या घातल्या. जो तो विचारायचा, बाईंचे मालक काय करतात? शेवटी तूच सांगून टाकलंस, जावई मिलिटरीत आहेत.

रतिलाल : नाहीतर खोली मिळाली असती का?

कुंदा : नसती मिळाली. पण तू सांगून इकडे निघून आलास, तो मिलिटरीतला नवरा मला सांभाळावा लागला. घरमालकीण विचारायची, साहेब सुट्टीवर कधी येणार? मी म्हणायचे, बर्फ पडलाय, रस्ते बंद आहेत. ज्याचं घर मी माझ्या पायांनी सोडून आले, त्याच्या नावाचं कुंकू लावून त्याची खुशाली सांगत बसायचे. रोज किळस यायची मला.

रतिलाल : तुझ्या भल्यासाठीच बोललो ना मी.

कुंदा : माहीत आहे. मत्राहला घरमालकीण म्हातारी आहे, तिथलीच. मोडकंतोडकं हिंदी बोलते. तिनं एवढंच विचारलं, माणसं किती? मी म्हटलं, एकटीच. तिनं किल्ली दिली न् जिना दाखवला.

रतिलाल : म्हातारीचं काय जातं. रविवारी भुसावळचे पाहुणे येतायत सुगंधाला बघायला. त्यांनी आधीच चौकशी केली, मुलीची आत्या परदेशात कुणाकडे राहते? मी अभिमनचं नाव सांगून बसलोय. माझ्या पोरीचं जमत आलेलं मोडलं तर?

कुंदा : तेच मलाही लागतंय, भाऊ. सुगंधाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. पण पुन्हा खोटं नाही सांगणार.

रतिलाल : मग अभिमनकडे परत जाते म्हण. नसेल जायचं, तर रविवारच्या आत इथून नीघ आणि पुढच्या सुट्टीला या घरी येऊ नकोस.

कुंदा : नाही येणार. खोली सोडणार नाही.

बेबाबाई : थांबा जरा दोघंबी. कुंदे, तिथी पानी येतं का?

कुंदा : येतं. वर टाकी आहे.

बेबाबाई : रातच्याले भ्या नाही लागत?

कुंदा : पहिल्या रात्री दाराला खाट लावून झोपले. सकाळी ड्यूटी नव्हती. दुपारपर्यंत कुणी उठवलंच नाही. उठले न् खूप रडले, माय. बरं वाटलं म्हणून.

बेबाबाई : मले तं या घरात कोनी एक दिवस तसं झोपू नाही दिलं.

रतिलाल : माय, तू तिची बाजू घेऊ नको. पाहुण्यांसमोर मला बसायचंय. त्यांनी विचारलं तर कोणत्या तोंडानं सांगू?

बेबाबाई : तू कायले सांगतं? मी सांगीन. माही पोरगी एकली राहते, अन् चांगली राहते. पटलं तं सुगंधाले पाहा, नाही पटलं तं चहा पिऊन जा.