आलेखातली सुई

काळं आहे म्हणून ह्युमिक? वा, हिम्मतकाका! मग डांबरच भरा की खताच्या बाटल्यांत! — बसा, बसा. बाबांचे भागीदार आहात म्हणून समजावून सांगते, दुसऱ्या कुणाला दारातूनच परत लावलं असतं. प्रमाणपत्रावर सही माझी हवी ना? मग मी बघितलं ते तुम्हीही बघा. ही नळी. हिच्यात जेलचे मणी आहेत, बारीक भोकांचे. मोठे रेणू भोकांत मावत नाहीत, ते आधी बाहेर पडतात. लहान रेणू प्रत्येक भोकात डोकावत रेंगाळतात. खरं ह्युमिक या आलेखावर कसं उतरतं? पसरट, टेकडीसारखं — हजार तऱ्हेचे रेणू, पानांचे, मुळांचे, मातीनं वर्षानुवर्षं मुरवलेले. आणि तुमचं? सगळं शेवटी, वर ही एक सुई. रंगाची! माती अशा सुया काढत नाही, काका. आम्ल घातलं की ह्युमिक तळाशी बसतं — तुमचं काढ्यासारखं जसंच्या तसं! मळीचं पाणी आहे हे. गौलीगुड्याच्या गोदामात ढवळायचं आणि वर छापायचं, 'जमिनीचा प्राण'. प्राण म्हणे!

काय? दुकानदार बाटली उन्हात धरतो, आरपार दिसलं की परत पाठवतो — म्हणून रंग? म्हणजे जमिनीला काय हवं ते आता दुकानदाराचं ऊन ठरवणार! जर्मनीत आमचे सर चिमूटभर मातीपुढे कसे बसायचे — जाऊ दे. तुम्ही म्हणणार, "तिकडचं इकडं नक्को बेटा."

मशीन चुकलं असेल? अहो, तेच वाटलं मला! नळी धुतली, परत चालवलं. द्रावण बदललं, परत. नवी नळी लावली — साहेब ओरडले, एका नमुन्यासाठी एवढं कायकू? — तरी सुई तिथंच. हसताय काय? इतरांचा नमुना मी एवढ्या वेळा नाही चालवत. खोटा दिसला की खोटा, विषय संपला. पण या बाटलीवर चिठ्ठी बाबांच्या अक्षरातली — म्हटलं, भेसळ तुमची असेल, बाबा नुसते हिशोब बघतात, त्यांना काय ठाऊक —

कोण आणतं रंग?

...नाही, खोटं बोलताय तुम्ही. बाबा? स्वतः जाऊन?

सही नाही. जे आलं तेच लिहीन. — खाली? गाडीत बसलेत? बरकतपुऱ्याहून इथवर आले आणि जिना नाही चढले?

नको. बोलावू नका. उठा काका, तुम्ही उठा आता.