औक्षणाचा हात

मेडलचे पेढे तुम्ही खाल्लेत, आता पुढचंही ऐका. आमचा पुतण्या रवी फौजेतल्या बिनहत्यारी लढतीत पहिला येऊन सुट्टीवर आला. वहिनींनी माझ्या दुकानातलं नवं पितळी तबक घेऊन दारातच त्याचं औक्षण केलं. कुंकवाचं बोट कपाळाजवळ गेलं मात्र, त्यानं काही कळायच्या आत त्यांचं मनगट पिरगळलं. हाड मोडलं.

दवाखान्यात इथल्या हिंदी डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, कैसे हुआ?"

"घाट की सीढ़ी पर फिसल गई," वहिनी म्हणाल्या.

घरी आल्यावर रवी त्यांच्या पुढ्यात बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून म्हणाला, "आई, आता लाव."

वहिनींनी डावा हात उचलला. त्यांची नजर रवीच्या दाबलेल्या हातांवर गेली आणि तो अर्ध्यावरच थांबला.

"राहू दे, बाळा," त्या म्हणाल्या. "तूच लावून घे."