जिन्याखालचं कोकरू

पेंदा — मी डोळे मिटून येते आत. मग तर झालं?

दिबोर — मिटलेल्या डोळ्यांचा काय भरवसा? आपल्या दोघींचा नवरा, हा बिराम, जेवण झालं की डोळे मिटूनच पडलेला असतो, आणि शेंगदाण्याच्या डब्याला कुणी हात लावला ते बरोबर सांगतो.

पेंदा — ताई, कोकरू जन्मलं तेव्हापासून जिन्याखालून त्याचा आवाज येतोय. मी काही बहिरी नाही.

दिबोर — ऐक की मग. कानांची दृष्ट लागत नाही.

पेंदा — आज आवाज वेगळा आहे. उठता न येणाऱ्याचा आहे. म्हणून दार वाजवलं.

दिबोर — ये. वाक, नाहीतर कपाळ फुटेल. आणि डोक्याचा रुमाल पुढे ओढ, डोळ्यांवर. तुम्हा पेल गुराख्यांच्या डोळ्यांत आधीच दुसऱ्याची गुरं भरलेली असतात.

पेंदा — आणि तुम्हा सेरेर लोकांच्या डोळ्यांत दुसऱ्याचा भात. ओढला रुमाल. कुठंय तो?

दिबोर — इथं, गोणपाटावर. दे हात. हा त्याचा कान.

पेंदा — बाई गं, केवढा लांब कान. कार, कार.

दिबोर — म्हणालीस?

पेंदा — म्हणणार नाही तर काय? कौतुक केलं की कार म्हणावं, नाहीतर जिभेची बाधा होते, हे आमच्या रानातही कळतं. नाव काय याचं?

दिबोर — बूर. राजा. त्याच्या आईला मी माझ्या भिशीच्या पैशांतून आणली, बिरामच्या नाही. अख्ख्या तिएस शहरात एवढ्या उंच पायांची, लादूम जातीची मेंढी चार घरांत नसेल. हा थंडीतल्या मेंढ्यांच्या प्रदर्शनात उभा राहायचा होता.

पेंदा — पुढचे गुडघे जाड लागतायत. गाठ मारल्यासारखे. आणि पाय बाहेर वळलाय, दोन्ही बाजूंना. केव्हापासून?

दिबोर — थोडाथोडा वळतच होता. परवापासून उठताना ओरडतो. बिरामनं काल वाकून बघितलं आणि म्हणाला, लंगडा मेंढा ना प्रदर्शनाला चालत, ना बकरी ईदेला. शुक्रवारी दिबीवाला येईल, तेवढं तरी हातात पडेल. मटण भाजून विकणाऱ्याच्या हातात माझा बूर.

पेंदा — खायला काय घालता?

दिबोर — काय नाही घालत ते विचार. आईचं दूध आहेच. वर गाईचं, बाटलीनं, तीनदा. मक्याचा भरडा तर समोर असतोच, हवा तेवढा खातो. लेकरासाठीही एवढं केलं नव्हतं. माझी लेकरं कोंड्यावर वाढली.

पेंदा — पाला?

दिबोर — पाल्यानं पोट सुटतं, मेंढा उंच होत नाही, असं बाजारात म्हणतात.

पेंदा — हात लावून बघा. हे पोट पाल्यानं सुटलंय का? पखवाजासारखं घट्ट आहे. अंग वाढतंय आणि हाडं कच्ची राहिलीत. ताई, याच्या लोकरीला उन्हाचा वास नाही.

दिबोर — कसा असेल? बाहेर काढलाच नाही.

पेंदा — एकदाही?

दिबोर — रात्री आईपाशी नेते, अंगणात. दिवसा नेलं तर चारी बाजूंनी गच्च्या. गेल्या वर्षीचं कोकरू तुला माहीत नाही, तू तेव्हा आली नव्हतीस. समोरच्या सोखनानं गच्चीवरून बघितलं, म्हणाली, केवढा झाला हा. एवढंच. कार म्हणाली नाही. संध्याकाळी पोट फुगून मेलं.

पेंदा — पोट फुगून?

दिबोर — नगाऱ्यासारखं.

पेंदा — त्या दिवशी भरडा किती घातला होता?

दिबोर — दुप्पट. कौतुक झालं होतं ना त्याचं. मलाही बरं वाटलं होतं.

पेंदा — एवढा भरडा पोटात फुगतो, ताई.

दिबोर — पुढं बोलू नकोस. कळलं मला. जरा थांब, मला बसू दे.

पेंदा — बसा.

दिबोर — वर्षभर मी त्या बाईचा सलाम घेतला नाही, पेंदा. तिच्या मुलीच्या लग्नात जेवलेसुद्धा नाही. आणि सेरेर बाई लग्नात जेवत नाही म्हणजे बघ.

पेंदा — आमच्याकडं, लिंगेरच्या रानात, कोकराला आईमागं सोडतात. उन्हातान्हात पळतं, काडी चावतं, मीठ चाटतं. उंच होतं ते नंतर. आधी पाय घट्ट होतात. याचं वय अजून कोवळं आहे. हाड वळलं तसं सरळही होईल.

दिबोर — नक्की?

पेंदा — नक्की म्हणणार नाही. पण जिन्याखाली होणार नाही हे नक्की. डॉक्टरला बोलवा, सुई द्यायची तर तो देईल. त्याला खरं सांगा, अंधारात ठेवला होता म्हणून.

दिबोर — डॉक्टर बघेल, मग कंपाउंडर बघेल, मग सगळी गल्ली.

पेंदा — बघू दे. दिबीवाला एकटाच बघेल, तेही सोललेला. त्यापेक्षा बरं नाही?

दिबोर — जीभ आहे का कात्री? धर, मागून धर. माझ्या एकटीनं याला गच्चीवर नेववणार नाही. आणि तो रुमाल काढ, पडशील.

(काही आठवड्यांनंतर. सकाळ, गच्चीवर.)

पेंदा — भरड्याची वाटी लपवलीत का ताई? आता मूठभरावर आणलाय, तेवढाच द्यायचाय त्याला.

दिबोर — लपवली नाही, झाकली. तो वाटीकडं बघून असं तोंड करतो की माझा हात सैल सुटतो. एकदम तोडला असता तर मी आधी आजारी पडले असते.

पेंदा — एकदम तोडायचाच नसतो. पोट बिथरतं. चवळीचा पाला खाल्ला का रात्री?

दिबोर — देठासकट. मिठाचा खडा तर चाटून चाटून चमच्यासारखा केलाय. डॉक्टर काल पुन्हा येऊन गेला. म्हणाला, सुईपेक्षा उन्हानं जास्त काम केलं. डावा पाय आलाच सरळ. उजवा जरा रेंगाळतोय.

पेंदा — बघा ना, उडी मारली. कार.

दिबोर — त्या शुक्रवारी दिबीवाला आला तेव्हा उठताही येत नव्हतं याला.

पेंदा — त्याला परत कसं पाठवलं, ते तुम्ही सांगितलंच नाही.

दिबोर — काही नाही. आधी पोटभर मासा-भात वाढला, मग चहा. तीन फेऱ्या. भरल्या पोटी माणसाला सुरी जड होते. बिराम म्हणाला, चला, कोकरू बघू. मी म्हटलं, बघा, पण माझं आहे, विकणारी मी. दिबीवाला उठला, आशीर्वाद दिला, गेला. बिराम दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. फार शांततेचे दिवस होते.

पेंदा — प्रदर्शनात पहिला येणार नाही हा यंदा. उंची मागं पडलीय.

दिबोर — रिंगणात चालत जाईल?

पेंदा — चालत जाईल.

दिबोर — मग झालं. सोखना म्हणत होती, तीही येते बघायला. मी म्हटलं, ये, आपण एकाच चटईवर बसू.

पेंदा — तुमची गावची बस किती वाजता आहे?

दिबोर — भरली की निघेल. भावाकडं दोन रात्री राहते, भुईमूग नुकताच काढलाय त्यांनी. गाडीच्या टपावर मावेल तेवढा पाला घेऊन येते.

पेंदा — सेरेरांनी भुईमूग पिकवायचा आणि पेलांच्या मेंढ्यांनी खायचा. जगाची रीतच आहे.

दिबोर — मेंढी माझी आहे, गुराखी फक्त पेल आहे. ऐक. ऊन चढलं की याला टाकीच्या सावलीत आण. पाणी बदल. दूध फक्त आईचं.

पेंदा — माहीत आहे, ताई.

दिबोर — माहीत आहे म्हणून तर सोडून चाललेय. संध्याकाळी तो मला शोधेल. ओरडायला लागला तर फोन लाव आणि त्याच्या कानाशी धर.

पेंदा — कोकराशी फोनवर बोलणार?

दिबोर — त्याच्याशी नंतर. आधी तुला विचारेन, जेवलीस का म्हणून.