मशीनने कालवलेला डबा

थंडीत गरम डब्याचं कौतुक मला सांगू नका रे. नव्वदच्या दशकात मी सुरतला कतारगामात लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवायचो. बारा तास उभं राहून पाय दगड व्हायचे. हिवाळ्यात डबा गार पडू नये म्हणून आम्ही तो लूमच्या तापलेल्या मोटारीवर सुताने बांधून ठेवायचो. गरम राहायचा, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन त्याला इतकं हादरवायचं, की बाजरीची भाकरी, भरीत, मेथी, गूळ, सगळ्याचा एकच लगदा व्हायचा.

बायको पहाटे उठून एवढं करायची. घरी गेलो की विचारायची, "भाकरी मऊ होती ना?"

"एकदम मऊ," मी म्हणायचो.

एकदा वीज बंद म्हणून सुट्टी होती. तिने तव्यावरची भाकरी थेट ताटात वाढली, बाजूला भरीत, मेथी, गूळ. माझ्या हाताने आपोआप भाकरी कुस्करली आणि सगळं एकत्र कालवलं.

ती बघतच राहिली. "अहो, निदान घरी तरी माणसासारखं जेवा!"

मी म्हणालो, "आज मशीन बंद आहे ना. त्याचंही काम मलाच करावं लागतंय."